सभागृहातला शब्द बाहेर कसा आला

वृत्तपत्रे आणि राजकारण असा विषय निघाला की महाराष्ट्रात व्याख्यानाचा ओघ कोणत्या दिशेने जाणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. १८३२ सालचे ‘दर्पण’, १८८१ सालचा ‘केसरी’, १८९७ आणि १९०८ चे राजद्रोहाचे खटले, १९२० सालचा ‘मूकनायक’. ही नावे घेतल्यावाचून आपल्याकडे या विषयाला हातच घालता येत नाही, आणि ती घेतली जातात हे योग्यच आहे. परंतु या साऱ्या कथा संपादकाच्या मताच्या कथा आहेत. संपादकाने लिहिले, सरकार चिडले, संपादक तुरुंगात गेला आणि लोक जागे झाले. अग्रलेखाचा हा पराक्रम मी मुळीच कमी लेखीत नाही. तथापि आज मला बोलावयाचे आहे ते वृत्तपत्रातल्या एका अगदी रुक्ष मजकुराविषयी. काल लोकसभेत अमुक सभासदाने असा प्रश्न विचारला, तमुक मंत्र्याने असे उत्तर दिले, मग गोंधळ झाला, मग मतदान झाले. अशा स्वरूपाचा तो मजकूर असतो. आपण तो वरवर चाळतो आणि पान उलटतो. लोकांचे राज्य चालावयाचे तर संपादकाच्या दहा अग्रलेखांहून या एका वृत्तांताची गरज अधिक आहे असे माझे मत आहे. आणि हा वृत्तांत छापण्याचा हक्क कोणत्याही सभागृहाने आपण होऊन कधी दिलेला नाही, हा इतिहास आहे.

प्रथम आपल्याच देशातली एक गोष्ट सांगतो. ३१ मे १९५७ रोजी पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ या इंग्रजी दैनिकाने आदल्या दिवशीच्या बिहार विधानसभेच्या कामकाजाचा वृत्तांत दिला. महेश्वरप्रसाद नारायण सिंह या सभासदांनी त्या दिवशी मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह यांच्या कारभारावर अत्यंत जहाल भाषण केले होते. त्यातला काही भाग कामकाजातून वगळावा असा विधानसभेच्या अध्यक्षांचा आदेश झाला होता. ‘सर्चलाइट’ने वगळलेल्या भागासकट भाषण छापले. झाले! हक्कभंगाचा ठराव आला, प्रकरण विशेषाधिकार समितीकडे गेले, आणि पुढे संपादक एम. एस. एम. शर्मा यांच्या हाती नोटीस पडली. या समितीचे अध्यक्ष कोण? तर ज्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला होता ते मुख्यमंत्रीच.

शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले. भाषणाचे व लेखनाचे स्वातंत्र्य हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे, मग सभागृहात झालेले भाषण मी छापले यात गुन्हा कोणता, असा त्यांचा साधा सवाल होता. १२ डिसेंबर १९५८ रोजी निकाल लागला. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी शर्मांच्या विरुद्ध मत दिले. त्यांची मीमांसा अशी: घटनेच्या १९४ व्या कलमाप्रमाणे, विधानसभेने आपले विशेषाधिकार कायद्याने ठरवीपर्यंत, घटना सुरू झाली त्या दिवशी इंग्लंडच्या कॉमन्स सभेला जे विशेषाधिकार होते तेच आपल्या विधानसभेला आहेत. आणि कॉमन्स सभेला आपल्या कामकाजाचा खराखुरा वृत्तांतही छापू न देण्याचा अधिकार आहे. खरा वृत्तांत जर अडवता येतो तर वगळलेला मजकूर अडवता येईल हे उघडच झाले.

म्हणजे पाटण्याच्या संपादकाला स्वतंत्र भारतात जे बांधले गेले ते लंडनच्या दोरीने! ही दोरी कोठे वळली गेली, आणि ज्यांनी वळली त्यांनी ती पुढे का सैल सोडली, हे पाहण्यासाठी आपल्याला तीनशे-पावणेचारशे वर्षे मागे जावे लागेल.

इंग्लंडच्या पार्लमेंटने गुप्ततेचा आग्रह धरला तो आरंभी मोठ्या न्याय्य कारणासाठी. स्ट्युअर्ट राजांच्या अमदानीत सभागृहात कोण काय बोलले हे राजवाड्यात कळले तर बोलणाऱ्याची धडगत नसे. सर जॉन एलियट यांच्यासारखा बाणेदार सभासद १६३२ साली लंडनच्या टॉवरमध्ये, कैदेतच मरण पावला. १६४२ च्या जानेवारीत तर पहिला चार्ल्स राजा शिपाई घेऊन स्वतः कॉमन्स सभेत शिरला आणि पाच सभासदांना पकडण्यासाठी त्यांना बाकांवर शोधू लागला. (पाचही जण आधीच निसटले होते.) अशा दिवसांत दारे लावून बोलणे हाच स्वातंत्र्याचा मार्ग होता. भाषणे छापण्यास मनाई करणारा ठराव कॉमन्स सभेने १६४१ साली केला तो या वातावरणात.

पुढे राजाचे दात पडले. १६८८ च्या क्रांतीनंतर सभासदाला राजवाड्याचे भय उरले नाही. मग दारे उघडावयास हवी होती. ती उघडली नाहीत. राजापासून संरक्षणासाठी उभारलेली भिंत आता मतदारापासून संरक्षणासाठी उपयोगी पडू लागली. १३ एप्रिल १७३८ रोजी कॉमन्स सभेने पुन्हा ठराव केला की सभागृहाचे कामकाज छापणे हा हक्काचा घोर भंग आहे, मग अधिवेशन चालू असो वा नसो. या प्रसंगी विरोधी पक्षाचे पुढारी विल्यम पल्टनी यांनी जे कारण सांगितले ते मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगे आहे. भाषणे अचूक छापली तरीही ती छापणे वाईटच, कारण आत बोललेल्या शब्दांबद्दल बाहेर जाब देण्याची वेळ सभासदांवर येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. आज आपण ज्याला लोकशाही म्हणतो तिचे सार या गृहस्थांनी अगदी नेमके सांगितले. फक्त ते संकट म्हणून सांगितले. आणि हे विरोधी पक्षाचे पुढारी! गुप्ततेच्या बाबतीत सत्ताधारी आणि विरोधक यांचे किती गोड जमत असे ते पाहा.

ठराव झाला, पण लोकांची जिज्ञासा ठरावाने थोडीच मरते? लंडनच्या कॉफीगृहांतून पार्लमेंटची बातमी हा रोजचा खुराक होता. एडवर्ड केव्ह नावाच्या मुद्रकाचे ‘जंटलमन्स मॅगझिन’ नावाचे मासिक होते. त्याने शक्कल काढली. स्विफ्टचा गलिव्हर ज्या लिलिपुट देशात गेला होता त्या देशाच्या लोकसभेतील वादविवाद म्हणून त्याने पार्लमेंटची भाषणे छापण्यास सुरुवात केली. वॉलपोलचे ‘वॅलेलॉप’ झाले, पिटचे ‘प्टिट’ झाले. वाचणाराला सारे कळत होते आणि सभागृहाला काही करता येत नव्हते. १७४० नंतरची दोनतीन वर्षे ही लिलिपुटी भाषणे लिहिण्याचे काम एका गरीब तरुण लेखकाकडे होते. तो लेखक म्हणजे पुढे इंग्रजी कोशकार म्हणून गाजलेले सॅम्युएल जॉन्सन. जॉन्सन पार्लमेंटच्या गॅलरीत आयुष्यात एकदाच गेले होते असे त्यांनीच सांगितले आहे. कोणी तरी चिठोऱ्यावर आणून दिलेली सभासदांची नावे आणि मुद्दे घ्यावयाचे आणि माळ्यावरच्या खोलीत बसून भाषण रचावयाचे, हा त्यांचा क्रम. पुढे पुष्कळ वर्षांनी एका मेजवानीत कोणी पिटच्या एका भाषणाची तोंडभर स्तुती करू लागला, तेव्हा ते भाषण मी एक्झिटर रस्त्यावरच्या माळ्यावर लिहिले, असे सांगून जॉन्सननी मंडळींना थक्क केले. मरणापूर्वी काही दिवस मात्र त्यांनी आपल्या साऱ्या लेखनात याच लेखनाची खंत वाटते असे बोलून दाखवले; लोक ही भाषणे खरी मानून वाचतात हे त्यांना सलत होते.

या गमतीच्या गोष्टीत गंभीर भाग आहे तो हा. खरा वृत्तांत बंद केला की वृत्तांत बंद होत नाही, खोटा वृत्तांत सुरू होतो. आपल्या वक्तव्याचा विपर्यास होतो अशी सभासदांची जी तक्रार होती तिचे मूळ त्यांच्याच ठरावात होते.

आता जॉन विल्क्सकडे येऊ. हा गृहस्थ सज्जन होता असे त्याचा मित्रही म्हणणार नाही. कर्जबाजारी, रंगेल, तिरळा, पण विलक्षण हजरजबाबी आणि भीती म्हणून ठाऊक नसलेला. १७६३ साली त्याने आपल्या ‘नॉर्थ ब्रिटन’ पत्राच्या ४५ व्या अंकात राजाच्या भाषणावर टीका केली म्हणून सरकारने कोणाचेही नाव न घालता वॉरंट काढले आणि कितीतरी माणसे पकडली. न्यायालयांनी असे निनावी वॉरंट बेकायदेशीर ठरवले. पुढे मिडलसेक्स परगण्याच्या मतदारांनी त्याला १७६८-६९ मध्ये चार वेळा निवडून दिले. कॉमन्स सभेने त्याला हाकलून दिले, निवडणुका रद्द केल्या आणि शेवटी १,१४३ मते मिळवणाऱ्या विल्क्सला बाजूस सारून २९६ मते मिळवणाऱ्या लट्रेल यांना सभासद म्हणून बसवून घेतले. मतदाराने कोणास निवडावे हेही सभागृहच ठरवू लागले, तेव्हा सभागृहात काय चालते हे पाहण्याची निकड लंडनच्या व्यापारी, कारागीर लोकांना भासू लागली. याच सुमारास वृत्तपत्रांनी लिलिपुटचा बुरखा टाकून सभासदांच्या नावानिशी भाषणे छापण्यास आरंभ केला.

१७७१ च्या फेब्रुवारीत कर्नल जॉर्ज ऑन्स्लो या सभासदाने तक्रार केली. वृत्तपत्रांनी त्यांची टोपणनावे घेऊन टिंगल चालवली होती आणि ते फार दुखावले होते. ‘गॅझेटियर’चे मुद्रक थॉम्प्सन आणि ‘मिडलसेक्स जर्नल’चे मुद्रक व्हेबल यांना हजर होण्याचा हुकूम झाला. ते आले नाहीत. त्यांना पकडून देणाऱ्यास प्रत्येकी पन्नास पौंडांचे बक्षीस राजाच्या जाहीरनाम्याने लावण्यात आले. १२ मार्चला ऑन्स्लोंनी आणखी सहा मुद्रकांची नावे पुढे आणली. त्या रात्री विरोधी बाकांवरच्या थोड्या सभासदांनी, ज्यांत एडमंड बर्क होते, तेवीस वेळा मतविभागणी मागितली आणि सभागृहाला पहाटेपर्यंत जागवले. प्रत्येक वेळी ते हरले. पण मुद्रकांना वेळ मिळाला.

विल्क्स या वेळी लंडन शहराचा आल्डरमन, म्हणजे नगरसभेचा ज्येष्ठ सभासद व दंडाधिकारी होता. शहराला जुन्या सनदा होत्या; शहराच्या हद्दीत शहराच्या अंमलदारावाचून दुसऱ्या कोणी माणूस पकडावयाचा नाही असा त्यांचा दावा होता. या सनदांवर त्याने सापळा रचला. १५ मार्चला मुद्रक व्हेबल यांना कार्पेंटर नावाच्या इसमाने ‘पकडले’. हा कार्पेंटर कोण? छापखान्याच्याच कामावरचा माणूस. त्याने आपल्या मालकाला धरून न्यायाला आणले ते नेमके विल्क्स बसला होता त्याच कचेरीत. विल्क्सने गंभीरपणे चौकशी केली, या नागरिकाला विनाकारण पकडले असा निर्णय देऊन व्हेबलला सोडले, आणि कार्पेंटरवर मारहाणीचा आरोप ठेवला. एवढ्यावर न थांबता, या माणसाने जाहीरनाम्यातल्या आरोपीला पकडले आहे तरी याला पन्नास पौंड द्यावेत, असा दाखलाही लिहून दिला! खजिन्याने अर्थातच पैसे दिले नाहीत. थॉम्प्सन यांचेही असेच झाले; तेथे रिचर्ड ऑलिव्हर हे आल्डरमन बसले होते.

त्याच संध्याकाळी खरा प्रसंग घडला. ‘लंडन ईव्हनिंग पोस्ट’चे मुद्रक जॉन मिलर यांच्या घरी कॉमन्स सभेचा जासूद पकडवॉरंट घेऊन गेला. मिलरने शहराचा शिपाई तयारच ठेवला होता. शिपायाने उलट जासुदालाच धरले आणि सारी वरात लॉर्ड मेयर ब्रास क्रॉस्बी यांच्या वाड्यावर गेली. लॉर्ड मेयर संधिवाताने अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या निजण्याच्या खोलीतच न्यायालय भरले. विल्क्स आणि ऑलिव्हर शेजारी बसले. जासुदाला एकच प्रश्न विचारण्यात आला: तुझ्या वॉरंटावर शहराच्या कोणा दंडाधिकाऱ्याची सही आहे काय? सही नव्हती. मिलर सुटला आणि जासुदाला जामीन द्यावा लागला.

कॉमन्स सभा खवळली. तिने लॉर्ड मेयरच्या कारकुनाला नोंदवही घेऊन बोलावले आणि जासुदाच्या जामिनाची नोंद त्याच्याकडून भर सभेत खोडून घेतली. न्यायालयाच्या दप्तरातली ओळ कायदे करणाऱ्या सभेने पुसावी यापेक्षा मोठा अधर्म कोणता, असे विरोधी सभासदांना वाटले, आणि ते रास्तच होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ऑलिव्हर व क्रॉस्बी या दोघांना टॉवरमध्ये कैदेत टाकण्यात आले. क्रॉस्बी आजारी म्हणून त्यांना सौम्य कैद देऊ केली होती. ऑलिव्हर आहे तेथेच मला पाठवा असे ते म्हणाले. बाहेर लोकांनी मुख्यमंत्री लॉर्ड नॉर्थ यांची गाडी फोडली आणि ते कसेबसे वाचले. विल्क्सला तीन वेळा बोलावणे गेले. मी मिडलसेक्सचा निवडलेला सभासद आहे, माझ्या जागेवर उभा राहून उत्तर देईन, एरवी येणार नाही, असे त्याने कळवले. याला पुन्हा अंगावर घेण्याची राजाचीही इच्छा नव्हती. तेव्हा सभागृहाने काय करावे? विल्क्सने ८ एप्रिलला हजर व्हावे असा हुकूम काढला आणि आपली बैठक तहकूब केली ती ९ एप्रिलपर्यंत!

८ मे रोजी अधिवेशन संपले आणि त्याबरोबर सभागृहाची कैदही संपली. लॉर्ड मेयर मिरवणुकीने घरी गेले. त्यानंतर भाषणे छापल्याबद्दल मुद्रकांना त्रास देण्याचे कॉमन्स सभेने सोडून दिले. लक्षात घ्या, मनाईचा ठराव मागे घेतला नाही. हक्क मान्य केला नाही. फक्त डोळेझाक केली. सभागृहाच्या गॅलरीत टिपणे घेण्यासही आरंभी मज्जाव असे. विल्यम वुडफॉल नावाचा संपादक तासन्‌तास नुसता ऐकत बसे आणि घरी जाऊन पाठ झालेली भाषणे स्तंभच्या स्तंभ लिहून काढी. लोक त्याला ‘स्मरणशक्ती’ वुडफॉल म्हणत. पुढे १८०३ मध्ये कॉबेटने वादविवादांची ग्रंथमाला सुरू केली, ती हॅन्सार्ड या मुद्रकाकडे गेली आणि त्याचेच नाव तिला पडले. १८३४ च्या आगीत जुने सभागृह जळाल्यावर जी तात्पुरती इमारत झाली तीत बातमीदारांसाठी खास जागा ठेवली गेली. पण तरीही १८७५ साली बिगर नावाच्या आयरिश सभासदाने ‘सभागृहात परके लोक दिसतात’ एवढे शब्द उच्चारताच सारी गॅलरी रिकामी करावी लागली, आणि त्या परक्या लोकांत प्रत्यक्ष युवराज होते. बदनामीच्या बाबतीत १८६८ च्या ‘टाइम्स’ खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी निर्णय दिला की पार्लमेंटच्या चर्चेचा प्रामाणिक वृत्तांत छापणारावर खटला चालू शकत नाही, कारण राज्य कसे चालले आहे हे लोकांना कळणे यातच सर्वांचे हित आहे. न्यायालयाने मान्य केले ते हे तत्त्व मान्य करावयास सभागृहाला आणखी एक शतक लागणार होते.

हा वृत्तांत किती सामर्थ्य देऊ शकतो याचे उदाहरण आपल्याकडे आहे. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. त्या मंडळात सरकारी बहुमत होते. अंदाजपत्रकावर मत देण्याची तर सोयच नव्हती. गोखल्यांच्या भाषणाने मिठावरचा कर तेथल्या तेथे पैशानेही उतरावयाचा नव्हता. मग ते एवढे आकडे जमवून, एवढा अभ्यास करून कोणासाठी बोलले? समोर बसलेल्या लाटसाहेबासाठी, आणि त्याहूनही अधिक, वृत्तपत्रातून ते भाषण वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या, मद्रासच्या, लाहोरच्या माणसासाठी. सभागृहात हात बांधलेला माणूस वृत्तांताच्या जोरावर देशाचा पुढारी होतो हे त्या भाषणाने दाखवले. टिळक आणि गोखले यांच्या मार्गांवर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले आहेत. दोघांचीही मदार छापखान्यावर होती, हे त्या वादात विसरले जाते.

स्वातंत्र्य आले. आता सभागृह आपले, सभासद आपले. तरी मार्च १९५२ मध्ये, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकातील मजकुराने उत्तर प्रदेश विधानसभेचा हक्कभंग झाला म्हणून त्या पत्राचे होमी मिस्त्री यांना मुंबईत राहत्या घरी पकडून लखनौला नेण्यात आले. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले नाही एवढ्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. १७७१ च्या जासुदाची आठवण व्हावी असाच हा प्रकार. फरक इतकाच की मुंबईला ब्रास क्रॉस्बी भेटला नाही.

वृत्तपत्रांची अडचण होती ती अशी. लोकसभेत बोलणाऱ्या सभासदाला घटनेचे पूर्ण संरक्षण. तो एखाद्या धनिकाचे नाव घेऊन आरोप करू शके. पण तेच शब्द छापणाऱ्या संपादकावर बदनामीची फिर्याद होऊ शके. फिरोज गांधी हे रायबरेलीचे सभासद. वृत्तपत्राच्या व्यवस्थापनाचा त्यांना अनुभव होता. डिसेंबर १९५५ मध्ये त्यांनी विमा कंपन्यांतील गैरव्यवहारावर लोकसभेत गाजलेले भाषण केले, आणि पाठोपाठ एक खाजगी विधेयक आणले: संसदेच्या कामकाजाचा मूलतः खरा वृत्तांत द्वेषबुद्धीवाचून छापला तर कोणतीही फिर्याद चालणार नाही. मे १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. इंग्लंडात जे न्यायाधीशाने दिले होते ते येथे एका सभासदाने सभागृहाकडून मागून घेतले.

या कायद्याचे चीज दीड वर्षात झाले. १६ डिसेंबर १९५७ रोजी याच फिरोज गांधींनी प्रश्न उपस्थित केला की आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या घरातले शेअर कोणाच्या सांगण्यावरून घेतले. विम्याचा पैसा म्हणजे शिक्षकाचा, कारकुनाचा, रेल्वे कामगाराचा पैसा. सकाळी वृत्तपत्रात ही चर्चा सविस्तर वाचून ज्याच्या पोटात धस्स झाले असा माणूस देशात घरोघर होता. सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छगला यांनी ती मुंबईत खुली चालवली. गर्दी इतकी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल आला आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. केंद्रात सत्ताधारी पक्षाचे प्रचंड बहुमत होते. मतदानाने हा मंत्री कधीही गेला नसता.

आणि त्याच १९५८ सालच्या डिसेंबरात ‘सर्चलाइट’चा निकाल! फिरोज गांधींच्या कायद्याचे छत्र फक्त संसदेच्या वृत्तांतापुरते होते. विधानसभा त्याच्या बाहेर होत्या. आणि हक्कभंगाच्या तलवारीपुढे बदनामीच्या कायद्याची ढाल चालतही नव्हती. या निकालात न्या. सुब्बा राव यांनी एकट्याने वेगळे मत दिले. मूलभूत हक्क विशेषाधिकारापेक्षा श्रेष्ठ आहे असे तर ते म्हणालेच. शिवाय, १९५० साली कॉमन्स सभेजवळ सद्‌हेतूने छापलेला खरा वृत्तांत अडवण्याचा अधिकार प्रत्यक्षात उरलाच नव्हता, हा इतिहासही त्यांनी मांडला. मला स्वतःला हा दुसरा मुद्दा बिनतोड वाटतो. चौघा न्यायमूर्तींनी जुने ठराव वाचले; सुब्बा राव यांनी त्या ठरावांचे पुढे काय झाले हे पाहिले.

१९७५ साली कसोटीची घटका आली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली, दिल्लीतल्या कित्येक छापखान्यांची वीज त्या रात्री तोडली गेली, आणि सेन्सॉरशिप आली. जुलैत संसदेचे अधिवेशन भरले. मंत्र्यांची निवेदने छापण्यास मोकळीक होती. विरोधात बोलणारा काय बोलला हे छापता येत नव्हते. पुण्याचे लोकसभा सभासद मोहन धारिया या अधिवेशनात आणीबाणीविरुद्ध अतिशय कडक बोलले. सत्ताधारी पक्षाच्या बाकावरून निवडून आलेला, काही महिन्यांपूर्वीपर्यंत मंत्री असलेला हा माणूस. त्यांनी आपले कर्तव्य केले, सभागृहाच्या दप्तरात ते भाषण उतरले. पण ज्या पुणेकरांनी त्यांना निवडून दिले त्यांना दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात ते वाचावयास मिळाले नाही. लोकसभा चालू होती, सभासद बोलत होते, मतदान होत होते. सारे यथासांग होते. फक्त आवाज भिंतीपाशी थांबत होता. १९३८ नव्हे, १७३८ परत आले होते.

डिसेंबर १९७५ मध्ये वटहुकूम काढून फिरोज गांधींचा १९५६ चा कायदा रद्द करण्यात आला. ते स्वतः १९६० सालीच वारले होते. त्यांचा कायदा रद्द झाला तो त्यांच्या पत्नी पंतप्रधान असताना. यावर मी भाष्य करीत नाही. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांचे चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकर हे तेव्हा अहमदाबादचे अपक्ष सभासद होते. त्यांनी त्या काळात सभागृहात केलेली भाषणे लोकांपुढे पुस्तकरूपाने आली ती १९७९ साली.

१९७७ च्या निवडणुकीनंतर नव्या संसदेने लगोलग तो कायदा पुन्हा केला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तर ३६१-अ हे कलम घालून वृत्तांत छापण्याचे संरक्षण घटनेतच आणले आणि विधानसभांनाही ते लागू केले. याच दुरुस्तीने विशेषाधिकारांच्या कलमातून कॉमन्स सभेचा उल्लेख काढून टाकला. नाव गेले, पण दुरुस्तीपूर्वी जे अधिकार होते ते तसेच राहतील असे शब्द त्या जागी आले, आणि विशेषाधिकार कोणते हे सांगणारा कायदा संसदेने आजवर केलेला नाही. खुद्द कॉमन्स सभेने मात्र १६ जुलै १९७१ रोजी ठराव केला होता की कामकाज छापल्याबद्दल यापुढे हक्कभंगाची तक्रार ऐकली जाणार नाही. ब्रास क्रॉस्बी टॉवरमध्ये गेले त्याला त्या वर्षी बरोबर दोनशे वर्षे झाली होती.

यानंतरचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो आपण सर्वांनी पाहिला आहे. १९८९ च्या नोव्हेंबरात कॉमन्स सभेत दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले, डिसेंबरात आपल्या संसदेतील राष्ट्रपतींचे अभिभाषण दाखवले गेले, १९९४ पासून प्रश्नोत्तराचा तास थेट दिसू लागला. २००६ मध्ये लोकसभेची स्वतःची वाहिनी निघाली, पुढे राज्यसभेची, आणि २०२१ मध्ये दोन्ही मिळून संसद टीव्ही झाली. आता जॉन्सनच्या माळ्याची गरज नाही, वुडफॉलच्या स्मरणशक्तीचीही नाही. मात्र वृत्तपत्रातला तो रुक्ष स्तंभ या काळातच आखडत गेला. दिवसभराची चर्चा सहा तासांची असते; ती पाहण्यास सवड कोणाला? आपल्या हातातल्या फोनवर येतो तो त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा, आणि तो तुकडा कोणी व कशासाठी कापला हे त्याच्यावर लिहिलेले नसते. सहा तासांतून काय महत्त्वाचे ते निवडून क्रमवार सांगणारा बातमीदार हा कॅमेऱ्यामुळे अनावश्यक झाला असे ज्यांना वाटते त्यांच्याशी मी सहमत नाही.

आणि ‘सर्चलाइट’चा प्रश्न तर जसाच्या तसा उभा आहे. पीठासीन अधिकाऱ्याला अनुचित शब्द कामकाजातून वगळण्याचा अधिकार आजही आहे. पण शब्द उच्चारला जातो तेव्हाच तो थेट प्रक्षेपणाने देशभर पोहोचलेला असतो. वगळण्याचा आदेश येतो तो त्यानंतर, कधी काही मिनिटांनी, कधी संध्याकाळी. घरी बसून ज्याने ते ऐकले त्याच्या कानातून ते काढता येत नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्राला मात्र ते छापण्याची मुभा नाही, आणि पुढे कधी कोणा अभ्यासकाने त्या दिवसाचा छापील वृत्तांत उघडला तर त्या जागी त्याला ‘वगळले’ एवढीच खूण दिसेल.